पुढाऱ्यांच्या तोंडची शिवी तुमच्यापर्यंत कशी पोहोचली?

२०१३च्या दुष्काळात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यात धरणातल्या पाण्याबद्दल जे असभ्य बोलले ते सगळ्यांना आठवत असेल. नंतर कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी त्यांनी दिवसभर आत्मक्लेश केला. नोव्हेंबर २०२२मध्ये कृषिमंत्री अब्दुल सत्तारांनी कॅमेऱ्यासमोर सुप्रिया सुळेंना शिवी दिली. जुलै २०२४मध्ये विरोधी पक्षनेते अंबादास दानवेंनी विधान परिषदेतच शिवीगाळ केली, निलंबित झाले. पक्ष निराळे, पण दिलगिरी तिघांनीही व्यक्त केली आणि बातमी तिथेच थांबली. मला त्यापुढचं हवंय. तुमच्या गावात, कामात काय घडलं ते लिहा. शिवी मात्र जशीच्या तशी लिहू नका.

वृत्तवाहिनीतला एडिटर, मुंबई
शिवीवर बीप टाकतो, पण पहिलं अक्षर ऐकू येईल इतपत आखूड ठेवायला सांगतात. दिवसभर तेवढाच तुकडा फिरतो. मूळ भाषण पीकविम्यावर होतं, हे संध्याकाळच्या बुलेटिनपर्यंत कुणाला आठवतही नाही.

सभांची व्यवस्था पाहणारा कार्यकर्ता, यवतमाळ
सिंचनावर बोललं की लोक उठून पाणी प्यायला जातात. विरोधकाचा बाप काढला की शिट्ट्या. व्यासपीठावरच्या माणसाला हे बरोबर कळतं. त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद घेणारे माजी कर्मचारी
पीठासीन अधिकारी, म्हणजे अध्यक्ष किंवा सभापती, आदेश देतात, शब्द कामकाजातून वगळले जातात, छापील प्रतीत दिसत नाहीत. सभागृहात बोललेल्याबद्दल संविधानाच्या अनुच्छेद १९४मुळे कोर्टात जाता येत नाही. जे करायचं ते सभागृहानंच. म्हणून तिथे नरमाई दाखवली की मला फार त्रास व्हायचा.

ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा
महिलांच्या आरक्षित जागेवरून निवडून आले. १ मेच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा हिशेब मागितला. समोरच्या गटातल्या एकानं माझ्या आईवरून शिवी दिली. हिशेब मी मागितला होता, माझ्या आईनं काय केलं होतं? इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘गोंधळामुळे सभा तहकूब’. मी ग्रामसेवकांना म्हणाले, ‘भाऊसाहेब, शिवी दिली अशी नोंद करा.’ तर म्हणे, ‘ताई, वर मुंबईत आमदार देतात, इथं काय धरून बसता!’ त्या दिवसापासून आमच्यातल्या एकीला सासरे मासिक सभेलाही येऊ देत नाहीत. तिच्या वॉर्डातल्या बंद हातपंपाचा विषय दर वेळी तीच मांडायची. आता कुणी मांडत नाही. माझ्या घरी नवरा पाठीशी आहे, म्हणून मी टिकले. गटविकास अधिकाऱ्यांकडे इतिवृत्त दुरुस्तीसाठी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याचा हिशेब आणि हातपंप, दोन्ही मीच मांडणार.