तोरणासाठी संत्र्याच्या चकत्या वाळवायच्यात, बुरशी येतेय!!

दिवाळीला झेंडूच्या जोडीने संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, चक्रीफूल असं तोरण करायचंय. मंडईतून डझनभर नागपुरी संत्री आणली, चकत्या करून गॅलरीत ताटात ठेवल्या आणि नेमका परतीचा पाऊस, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. बऱ्याच चकत्यांचा गर सालीतून सुटून पडला ते वेगळंच. कोथरूडला राहते, गच्चीवर जाऊ देत नाहीत. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे. काय चुकतंय?

गच्चीवरचं वाळवण: अगं फळच चुकलंय! नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलायला बरी पण चकतीला कुचकामी, वाळताना गर आकसला की साल मोकळी. मोसंबी घे, तिची साल गराला घट्ट चिकटून असते. रंग केशरी नाही येणार, पिवळट तपकिरी येतो, पण दिव्यासमोर टांगली की काचेसारखी दिसते. केशरीच हवा असेल तर घट्ट सालीचं माल्टा संत्रं मिळतंय का बघ, महाग पडतं.

ओटीजीवाले काका: चकती ५-६ मिमी, सगळ्या सारख्या जाडीच्या. पातळ केली तर करपते, जाड केली तर मध्ये ओली राहते आणि मग तुमची ती बुरशी. आधी दोन्ही बाजूंनी पंच्याने टिपून घ्या, ट्रेवर नको, जाळीवर ठेवा. १०० डिग्री, साधारण ३-४ तास, दर अर्ध्या तासाने उलटायच्या, आणि दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवा म्हणजे वाफ बाहेर जाते, नाहीतर चकत्या वाळायच्या ऐवजी शिजतात. घाईने १५० करू नका, मी केलं होतं. साखर जळून काळ्या चकल्या झाल्या, बायको अजून विचारते तोरण कधी लावताय.

प्रश्नकर्ती: 😂😂 काका! मध्ये किंचित चिकट राहिल्या तर चालेल का?

ओटीजीवाले काका: किंचित चालेल, एक-दोन दिवस पंख्याखाली जाळीवरच ठेवा. बोट दाबून ओलं लागलं तर परत आत.

गच्चीवरचं वाळवण: आणि लगेच टांगू नकोस, पाऊस जाईपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, बुटांच्या खोक्यात त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात ना त्या टाक. तोरण पणतीपासून लांब. मुंग्या येतातच, आमच्याकडे तर पहिल्याच रात्री रांग लागली होती.

प्रश्नकर्ती: उद्याच मोसंबी आणते. सुटलेल्या गराचं सरबत करून संपवलं, बुरशीवाल्या मात्र टाकल्या हं.