दुसरा धातू कशाला?

एकाच रेणूत यटर्बियम आणि रुथेनियम हे दोन धातू जोडतात, त्यावर प्रश्न आलाय की यटर्बियम स्वतःच चमकतो, मग त्याला रुथेनियमची जोड कशाला? कारण लँथनाइड (यटर्बियम, युरोपियम वगैरे धातूंचं कुटुंब) प्रकाश द्यायला तयार, घ्यायला मात्र महाकंजूस! त्यांच्या आतल्या ४-एफ कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या उड्या निवड नियमांत (कोणती उडी चालते हे ठरवणाऱ्या क्वांटम नियमांत) बसत नाहीत, म्हणून शोषण नगण्य. रुथेनियमचं बायपिरिडिनवालं (बायपिरिडिन म्हणजे धातूला धरणारा एक सेंद्रिय रेणू) जटिल संयुग याउलट ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गटागटा पितं. ती ऊर्जा मधल्या लिगँडच्या (दोन्ही धातूंना धरून ठेवणाऱ्या रेणूच्या) पुलावरून यटर्बियमकडे पोचली की तो ती ९८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात, बाहेर टाकतो.

पण ही सोयरीक कुणाशीही जुळत नाही. लाल चमकणाऱ्या युरोपियमची ऊर्जा-पातळी सुमारे १७,३०० सेमी⁻¹ वर (सेमी⁻¹ हे इथे ऊर्जेचं एकक). ऊर्जा देणारा धातू त्याहून बराच वर हवा, आणि रुथेनियम इथे तोकडा पडतो. तिथे निळा चमकणारा इरिडियम लागतो. गंमत म्हणजे ऊर्जा अर्धवटच पोचली, तर इरिडियमचा निळा आणि युरोपियमचा लाल मिसळून पांढरा प्रकाशही मिळवता येतो.

घरचा भेदी म्हणजे पाणी. त्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन (ओ-एच) बंधांची कंपनं यटर्बियमची ऊर्जा परस्पर खाऊन टाकतात, म्हणून तुलनेसाठी तीच मोजमापं जड पाण्यातही (हायड्रोजनच्या जागी जड ड्युटेरियम असलेल्या, म्हणून ही कंपनं मंद असलेल्या पाण्यात) घेतात.