जुना तंबाखूचा पाइप घेतलाय, तोंडात धरता येईल इतका स्वच्छ कसा करायचा?

रावपुऱ्याचा:
नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्याच्या मंडळाचं नाटक बसतंय, त्यात रिटायर्ड कर्नलचं काम माझ्याकडे आहे आणि दिग्दर्शकांना खेळण्यातला प्लास्टिकचा पाइप अजिबात नकोय. परवा मांडवीजवळ एका जुन्या सामानाच्या लारीवर एक दिसला, तो ६०० म्हणाला, शेवटी ३५० ला दिला. वाकडा आकार आहे, दांड्यावर बारीक अक्षरात ‘लंडन मेड’ असा शिक्का. घरी आणून नीट बघितला तर वाटीत काळा थर इतका जाड की करंगळीसुद्धा आत जात नाही, तोंडात धरायची नळी काळी असायला हवी ती शेवाळी तपकिरी झालीय, त्यावर दातांचे दोन खड्डे, आणि वास तर असा की आईने आधी गॅलरीत ठेवायला लावला. नळी लाकडातून निघतच नाहीये. मी स्वतः ओढत नाही, स्टेजवरही पेटवणार नाही, पण दोन अंक तोंडात धरायचाय. गरम पाण्यात साबण घालून रात्रभर बुडवून ठेवला तर चालेल का? आणि हे खरं पाइपचं लाकूड आहे की शिसवी मारलंय माझ्या गळ्यात? प्रयोगाला तीन आठवडे आहेत.

जुनं_लाकूड:
पाण्यात बुडवू नका, मेहेरबानी करून. लाकूड पाणी पितं, फुगतं, वाळताना चिरतं, आणि नळीचा तर रंग गरम पाण्याने अजून बिघडतो.

आधी लाकडाचं. चांगले पाइप ब्रायरचे असतात, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप येतं त्याच्या मुळाशी जी गाठ धरते तिचं लाकूड. गाठ असल्यामुळे ते घट्ट असतं आणि आच सोसतं, म्हणून तर पाइपला तेच लागतं. उजेडात फिरवून बघा, एका बाजूला लाकडाच्या रेषा आणि दुसऱ्या बाजूला बारीक बारीक डोळे दिसले तर ब्रायर. शिसवीत लांब उभी बारीक छिद्रं दिसतात आणि हाताला जडही लागतं. ‘लंडन मेड’ शिक्का कितीतरी साध्या इंग्लिश पाइपांवर असतो, त्यामुळे फार मोलाचा असेल असं नाही, पण ब्रायर निघाला तर ३५० ला तुम्ही चांगलाच घेतलाय. एवढंच करा की त्या शिक्क्यावर सँडपेपर लावू नका, जुन्या पाइपची ओळख तेवढीच असते.

नळी अडकलीय ती जुन्या चिकट डांबराने. जोर लावलात तर नळीची लाकडात शिरलेली खुंटी मोडेल आणि मग सगळंच संपलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, खुंटी थोडी आकसते, मग लाकूड मुठीत घट्ट धरून नळी हळू पिळा, सरळ ओढू नका. नाही निघाली तर परत फ्रीझर.

वाटीतला थर चाकूने खरवडू नका, वाटीचा गोल बिघडतो. पेन्सिलीला किंवा जाड काडीला ८० नंबरचा सँडपेपर गुंडाळा आणि फिरवत फिरवत खाली जा. ओढणारे लोक दीड मिलीमीटरपर्यंतचा थर मुद्दाम ठेवतात, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. तुम्ही पेटवणार नाही म्हणून सगळा काढला तरी चालेल. लाकूड दिसायला लागलं की तिथेच थांबा.

इंदूरकर_५६:
मी तर वाटीत कापूस भरून रम ओततो, रात्रभर ठेवला की वास गायब.

रावपुऱ्याचा:
इंदूरकर दादा, आमच्याकडे १९६० ला राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, रम कुठून आणू :) सुताराकडे पॉलिशचं स्पिरिट आहे, ते चालेल का?

जुनं_लाकूड:
नाही! पॉलिशचं स्पिरिट म्हणजे डिनेचर्ड, त्यात मेथॅनॉल वगैरे मुद्दाम घातलेलं असतं, तोंडाच्या वस्तूला ते लावायचंच नाही. मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्केवालं, मेडिकलमध्येही मागून बघा. ते पूर्ण उडून जातं, मागे काही राहत नाही. पद्धत इंदूरकरांचीच: वाटीत कापूस सैल भरायचा, दांड्याच्या भोकात कापसाची वात सारायची, ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचे कापूस ओला होईपर्यंत, आणि पाइप तांदळाच्या वाटीत उभा टेकवून ठेवायचा. सकाळी कापूस कातासारखा लाल-तपकिरी झालेला दिसेल. परत नवा कापूस. कापूस पांढरा निघेपर्यंत करत राहायचं, माझ्या एका पाइपला पाच रात्री लागल्या होत्या. काही लोक खडे मीठ भरतात पण मीठ लाकडात मुरतं, मी नाही वापरत. बाहेरून थेंब पडला तर लगेच पुसा, शेलॅकचं पॉलिश असेल तर विरघळेल. शेवटी चार-पाच दिवस उघड्यावर वाळू द्या.

दांड्यातलं भोक साफ करायला पाइप क्लीनर लागतील, म्हणजे तारेवर सूत पिळलेल्या बारीक लवचिक काड्या. स्टेशनरीत मुलांच्या क्राफ्टचे रंगीत मिळतात ते नायलॉनचे असतात, केस सुटतात. सुती मागवा.

निबवाला:
नळीबद्दल मी सांगतो, कारण ती बहुतेक इबोनाइटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांचं जे मटेरियल तेच, आणि माझी जुनी पेनंही अशीच तपकिरी होतात. ऊन आणि हवा लागून गंधक पृष्ठभागावर येतो, तोच तुम्हाला तोंडात कडू लागणार. खात्री करायची तर ओल्या कापडाने जोरात घासा, जळक्या रबराचा वास आला की इबोनाइट. ॲक्रिलिक असेल तर रंग असा बदलतच नाही, आणि त्याला अल्कोहोल लावू नका, तडे जाऊ शकतात.

आधी दातांचे खड्डे. इबोनाइटला गरम केलं की ते आपल्या मूळ आकाराकडे परत येतं, म्हणून लायटरची ज्योत खड्ड्याखालून झरझर फिरवा, एका जागी दोन सेकंदसुद्धा थांबू नका. खड्डा वर येताना डोळ्यांना दिसतो, मला दरवेळी नवल वाटतं. मग ओला सँडपेपर, ४०० पासून ६००, १०००, २००० पर्यंत, प्रत्येक वेळी घासलेलं पाणी पिवळट यायचं थांबलं की पुढचा नंबर. शेवटी साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चमकवा. कपड्यांचं ब्लीच अजिबात नको, रंग जाईल पण नळी खडबडीत होते. आतून साबणाच्या कोमट पाण्याचा क्लीनर फिरवा आणि वरून मेडिकलच्या लिक्विड पॅराफिनचा हलका हात द्या.

पडद्यामागे:
पेटवणार नाही हे बरं केलंत, सभागृहात सिगारेट-पाइप २ ऑक्टोबर २००८ पासून बंदच आहे. पण तालमीला आत्तापासून पाइप हातात घ्या. ओढणारा माणूस तो सारखा तोंडात ठेवत नाही, बोलताना काढतो, वाटी तळहातात धरतो, अंगठ्याने तंबाखू दाबतो. तुम्ही दोन अंक दातातच धरलात तर तुमचे ‘स’ आणि ‘श’ शेवटच्या रांगेत पोचणार नाहीत.

रावपुऱ्याचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीझरमधून तिसऱ्यांदा काढला तेव्हा नळी निघाली, आतून काळं मधासारखं काहीतरी ओघळलं. लाकडावर डोळे दिसताहेत, ब्रायरच आहे! वाटीची कड एकाच बाजूने जळलीय, आधीचा मालक काडी नेहमी तिकडूनच धरत असणार. ती कड जरा ओल्या कापडाने पुसली पण पूर्ण काढणार नाही, कर्नलला शोभते. आज कापसाची तिसरी रात्र आहे, कालचा बोळा अजून चहाच्या रंगाचा निघाला. निबवाला, सँडपेपर २००० च्या पुढे न्यावा लागेल का, की टूथपेस्ट पुरेल?

निबवाला:
पुरेल. स्टेजच्या लाइटमध्ये छान दिसेल. फोटो टाका मात्र.