रोमानियनमधला 'द' कुठे गायब झाला?

नवशिकी: दोन आठवडे झाले रोमानियन सुरू करून, 'लूप' म्हणजे लांडगा हे कळलं पण मधेच 'लूपुल' दिसतं, हे काय प्रकरण आहे? आणि 'मुल्त्सुमेस्क' म्हणजे थँक्यू म्हणताना जीभच अडकते.

चहाबाज: अगं तो 'उल' म्हणजेच इंग्रजीतला 'द', तिकडे तो शब्दाला मागून शेपटीसारखा चिकटतो, आणि स्त्रीलिंगी असेल तर बऱ्याचदा शेवटच्या अ चा आ होतो, 'कासअ' म्हणजे कुठलंही घर, 'कासा' म्हणजे ते ठरावीक घर. त्स साठी आपल्या चमच्यातला पहिला च म्हण, चहातला नको.

निवांत: मला नपुंसकलिंगाने जाम छळलं. एक खुर्ची 'उन स्काउन', पुल्लिंगी वागते, दोन झाल्या की 'दोउअ स्काउने', थेट स्त्रीलिंगी!

नवशिकी: सकाळपासून चमचा चमचा करत बसलेय, घरचे बघतायत 😄