जुन्या नोंदींचा नवा व्ह्यूअर : पान उलटायची सोय कुणी काढली?

रुमालवाली (पुणे)

सहा वर्षं झाली, सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानं जमवते आहे. जुनी छापील प्रत घरात आहे, पण तिच्यात लेकी जवळजवळ नाहीतच आणि सुनांच्या नावापुढं 'माहेर अज्ञात'. मग मूळ नोंदींकडे जावं लागतं. म्हणजे गावोगावची जन्ममृत्यूची रजिस्टरं, गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. आमच्या भागातली बरीचशी मोडी लिपीत.

ही रजिस्टरं ज्या साइटवर स्कॅन करून ठेवली आहेत (नाव घेत नाही, वापरणारे ओळखतील), तिनं गेल्या महिन्यात चित्रं बघायचा व्ह्यूअर बदलला. 'अधिक सोपा, अधिक सुंदर' अशी पाटी आली. सुंदर आहे हो. काम होत नाही एवढंच.

पूर्वी खाली लहान लहान पानांची पट्टी असायची. नऊशे पानांत कुठं कोरं पान आहे, कुठं नवं वर्ष सुरू होतं, कुठं हस्ताक्षर बदललं, हे पट्टीवर नुसती नजर फिरवली की कळायचं. पट्टी गेली. पान क्रमांक टाकायची चौकट होती, तीही गेली. आता एक सरकपट्टी आहे. माझ्या स्क्रीनवर ती वीतभर, आणि तिच्यात नऊशे पानं. बोट केसाएवढं हललं की तीन पानं पुढं. माउसच्या चाकानं पूर्वी अक्षर मोठं व्हायचं, आता पान उलटतं. रंग उलटे करायचं बटण, पुसट शाईसाठी ज्याच्यावर आमचा जीव, ते कुठंतरी पुरून ठेवलंय. उजवीकडे स्क्रीनचा तिसरा हिस्सा खाऊन एक फलक बसलाय : 'ही व्यक्ती तुमच्या वंशवृक्षात जोडा'. अहो, आधी वाचू तर द्या.

पण सगळ्यांत वाईट सांगते. पूर्वी एक रकाना मोठा करून ठेवला की पुढच्या पानावरही तोच रकाना, तेवढाच मोठा दिसायचा. आता प्रत्येक पान नव्यानं, पूर्ण, लहान होऊन समोर येतं. कोतवाल बुक वाचलेल्यांना यातलं दुखणं कळेल. लिहिणारा एकदा गावाचं नाव आणि जात लिहितो, आणि पुढं खाली 'सदर', 'सदर', 'सदर'. पान संपतं, सदर चालूच. हे सदर कशाचं, ते शोधायला तीन-चार पानं मागं जायचं, तोच रकाना धरून. दर पानाला पुन्हा मोठं करा, पुन्हा सरकवा, पुन्हा रकाना शोधा.

रजिस्टर हे पुस्तक आहे. या लोकांनी त्याचे सुटे फोटो करून टाकले.

करमाळकर

ताई, राग मानू नका, पण हा लॅपटॉपवाल्यांचा धागा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यासाठी नेमली, पुढं तिचं काम राज्यभर गेलं आणि कुणबी नोंदी शोधायची लाट आली. आमच्या गावात ज्यांना आजोबांच्या वडलांचं नाव धड माहीत नव्हतं, ते खापरपणजोबा शोधू लागले. यातल्या कुणाकडं कॉम्प्युटर होता? जुना व्ह्यूअर मोबाईलवर उघडायचाच नाही. नेट कॅफेत जायचं, तासाचे पैसे द्यायचे, तिथला पोरगा पाठीशी उभा. नवा व्ह्यूअर आला, मी शेताच्या बांधावर बसून गावाचं नाव टाकलं, पणजोबांचं नाव टाकलं, दहा मिनिटांत पान समोर. दोन बोटांनी मोठं केलं, स्क्रीनशॉट काढला, भावकीच्या ग्रुपवर टाकला.

तुम्हाला मोडी येते, तुम्ही नऊशे पानं चाळाल. आम्हाला एकच पान पाहिजे असतं.

रुमालवाली

मोबाईलवर उघडतं ही चांगलीच गोष्ट, त्याला माझी ना नाही. पण मोबाईलसाठी नवं दार करताना घराचं जुनं दार का बुजवायचं? आणि दादा, यादीतून पान सापडलं ते यादी बरोबर होती म्हणून. जिथं चूक आहे तिथं काय? याच साइटच्या यादीत मला 'बिन' आडनावाची माणसं सापडली आहेत. 'गणू बिन रामा', म्हणजे रामाचा मुलगा गणू. यादी करणाऱ्यानं बिन हे आडनाव धरलं. बायकांच्या नावापुढं 'कोम' असतं, म्हणजे अमक्याची बायको. कोम आडनावाच्याही दोन निघाल्या.

मोडीमित्र (ठाणे)

+१. आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, वेलांटी एकच, उकार एकच. शब्दांत जागा सोडत नाहीत. आधी सबंध ओळभर रेघ ओढायची आणि खाली अक्षरं लटकवत जायचं, हात न उचलता. अशा मजकुराची यादी ज्यानं केली त्याला दंडवत, पण ती यादी म्हणजे वेद नव्हे. मी आजवर शोधलेल्या दर दहा नावांतली तीन-चार तरी यादीत नव्हती आणि पानावर होती. ती शेजारची पानं चाळताना सापडली.

टाईलवाला

व्यवसायानं असलीच सॉफ्टवेअर करतो (या साइटचं नाही, दगड मारू नका). थोडी दुसरी बाजू.

जुने व्ह्यूअर बदलावेच लागले. बऱ्याच ठिकाणी ते फ्लॅश नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होते आणि फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. जे फ्लॅशवर नव्हते ते अख्खं चित्र एकदम उतरवून घ्यायचे, गावाकडच्या नेटवर ते रडणारच. आता चित्राचे चौकोनी तुकडे करून ठेवतात, २५६ किंवा ५१२ पिक्सेलचे, वेगवेगळ्या आकारमानात. तुम्ही जेवढा भाग बघता तेवढेच तुकडे येतात. करमाळकरांना बांधावर पान दिसलं ते यामुळं. हे मागं नेता येणार नाही, नेऊही नये.

पण ताईंच्या तक्रारींपैकी एकीचाही या तुकड्यांशी संबंध नाही. पट्टी ठेवता येते. क्रमांकाची चौकट ठेवता येते. झूम पुढच्या पानावर कायम ठेवणं हे तर अर्ध्या दिवसाचं काम. ते काढलं जातं कारण आकडे बघणाऱ्याला दिसतं की शंभरातले नव्वद लोक यादीतून येतात, एक पान बघतात आणि जातात. मग डिझाइन त्या नव्वदांसाठी होतं. उरलेले दहा रोज चार-चार तास बसतात आणि याद्या सुधारून देतात, ते त्या तक्त्यात ठळक दिसत नाहीत.

करमाळकर

म्हणजे नव्वदांची सोय झाली हे तुम्हीच म्हणताय की. लोकशाहीत आणखी काय पाहिजे?

म्हापसेकार

आमच्या गोव्यातली गत ऐका. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजाआजीच्या जन्मनोंदी लागतात, त्यामुळं आमच्याकडं नोंद शोधणं हा घराघरातला उद्योग. आता त्या पोर्तुगीज नोंदींची गंमत अशी की मधला मजकूर अर्धीच गोष्ट सांगतो. लग्न, मृत्यू, नावातली दुरुस्ती, हे सगळं नंतर कधीतरी बाजूच्या समासात लिहिलेलं असतं. आव्हेर्बामेंतो म्हणतात त्याला. मी वापरतो त्या साइटच्या नव्या व्ह्यूअरनं काय करावं? पानाच्या 'रिकाम्या कडा' आपोआप कापाव्या! आजीच्या लग्नाची तारीख रिकामी कड म्हणून गेली. मूळ फाईल उतरवली तेव्हा दिसली. वकिलाकडं आधीचा प्रिंट देऊन झाला होता.

कापणारा माणूस असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

आबा_सातारा

जरा जास्तच होतंय सगळं. आम्ही मायक्रोफिल्म वाचलेली माणसं. अंधाऱ्या खोलीत हँडल फिरवत बसायचं, मान धरायची, लाल शाई आणि काळी शाई दोन्ही एकच दिसायची. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागवायचा तर चिठ्ठी द्या, तो आला तर चुकीचा, मग दुसऱ्या दिवशी या. पेशवे दफ्तरात एक रुमाल सोडून बांधायला शिकायलाच मला आठवडा लागला. तुम्हाला घरी चहा पीत नोंदी दिसतात आणि सरकपट्टीवर भांडताय.

रुमालवाली

आबा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे की. हँडल फिरवताना पुढची फ्रेम त्याच जागी, त्याच आकारात यायची ना? रुमाल सोडला की कागदांचा क्रम हातात असायचा ना? मान धरायची, क्रम सुटायचा नाही. आता उलटं झालंय.

आबा_सातारा

ते मात्र खरं. क्रम सुटला की कागद मुका होतो, असं आमचे गुरुजी म्हणायचे. तरी तक्रारीचा सूर कमी करा एवढंच.

तळटीप

माझं रडगाणं वेगळंच. दोन वर्षांपूर्वी घराण्याचं पुस्तक छापलं. प्रत्येक नोंदीखाली त्या पानाचा दुवा दिला, क्यूआर कोडसकट, मोठ्या हौसेनं. व्ह्यूअर बदलला आणि दुवे साइटच्या पहिल्या पानावर जाऊन पडतात. एकशे चाळीस दुवे. पुस्तक तर छापून भावकीत वाटूनही झालं. एका चुलत्यांनी फोन करून विचारलं, 'सगळे पूर्वज एकाच पानावर कसे काय?'

टाईलवाला

@तळटीप, हे मात्र अक्षम्य. व्ह्यूअर कितीही बदला, पानाचा पत्ता बदलायचा नसतो. यावर आयआयआयएफ नावाची खुली पद्धत आहे. पानांचा क्रम एका यादीत, प्रत्येक चित्राला कायमचा पत्ता, आणि तीच चित्रं तुम्ही तुमच्या पसंतीच्या दुसऱ्या व्ह्यूअरमध्येही उघडू शकता, मिराडोर किंवा युनिव्हर्सल व्ह्यूअर वगैरे. म्हणजे साइटचा व्ह्यूअर नाही आवडला तर आपला आणा. जगातली बरीच मोठी ग्रंथालयं हे देतात. साइटला मेल लिहायचा तर 'जुना परत आणा' असं लिहू नका, कुणी आणत नाही. 'आयआयआयएफचा दुवा द्या, झूम कायम ठेवा, क्रमांकाची चौकट द्या' एवढंच लिहा.

मोडीमित्र

आणि कडा कापू नका.

करमाळकर

एक विचारायचं होतं. धाग्याशी संबंध आहे पण आणि नाही पण.

ते पणजोबांचं पान मी छापून अर्जाला जोडलं होतं. कार्यालयातून परत आलं. बाईंनी जातीच्या रकान्यावर बोट ठेवलं, म्हणाल्या इथं जात कुठाय? मोडी वाचणाऱ्या एका काकांना दाखवलं तर ते म्हणाले 'सदर' लिहिलंय. मला वाटलं सदर म्हणजे काहीतरी पोटजात असेल. आज तुमची पोस्ट पुन्हा वाचली तेव्हा उजेड पडला.

तर मागची पानं मोबाईलवर कशी बघायची? मी यादीतून गेलो तर तेवढं एकच पान उघडतं. मागंपुढं बाणच नाहीत.

रुमालवाली

दादा, यादीतून उघडलं की ते 'एकटं पान' म्हणून उघडतं. वरच्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतील, त्यात 'संपूर्ण संच पाहा' असं आहे. ते दाबा, मग सरकपट्टी येईल. पण ती तुम्हाला पहिल्या पानावर नेऊन सोडेल, म्हणून आधी आत्ताच्या पानाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. त्या क्रमांकापाशी या आणि एकेक मागं जा. जातीचा रकाना माझ्या रजिस्टरांत उजवीकडून तिसरा असतो, तुमच्याकडं वेगळा असू शकेल, मथळ्याच्या पानावर बघून घ्या. जिथं सदर नसेल तिथं थांबायचं. आणि मधे वर्ष किंवा हस्ताक्षर बदललं तर पुन्हा मला विचारा, कारण मग सदर कुठून मोजायचं त्याची खात्री करावी लागते.

छापताना मधली सगळी पानं छापा. पहिलं आणि शेवटचं दोनच दिलीत तर बाई पुन्हा परत पाठवतील.

करमाळकर

बघतो. तरी एक सांगतो ताई, मोबाईलवर उघडलं म्हणून तर इथवर आलो.

रुमालवाली

मान्य. बघा आणि कळवा.

करमाळकर

पाऊण तास गेला. सरकपट्टीनं चार वेळा दुसऱ्याच गावात नेलं. पण सापडलं. दोन-तीन नाही, सात पानं मागं. तिथं सदर नाही, पूर्ण शब्द आहे. पहिलं अक्षर मोडी येत नसताना पण ओळखू येतंय, काकांनी शिकवलं होतं. पुढच्यावर शाई सांडलीय, सगळं काळं.

ते रंग उलटे करायचं बटण कुठं पुरलंय म्हणालात?