ट्रायटन : एकाचे इंजिन, दुसऱ्याची फ्रेम, हा खटाटोप कशासाठी?

प्रश्न

ब्रिटनमधील १९५० आणि १९६० च्या दशकांतील मोटरसायकलींविषयी वाचताना 'ट्रायटन' हे नाव वारंवार समोर येते. ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या फ्रेममध्ये बसवून तरुण मंडळी ही गाडी स्वतःच तयार करीत, एवढे समजले. मात्र नॉर्टनकडे डॉमिनेटर हे स्वतःचे दोन सिलिंडरचे मॉडेल असताना दोन कंपन्यांचा असा संसार जुळवण्याचे कारण काय असावे? की कॅफेसमोर रुबाब दाखवण्यापुरतेच हे सारे होते?

प्रतिसाद १

रुबाब होताच, पण मूळ कारण फ्रेममध्ये आहे. मॅककँडलेस बंधूंनी आखलेली फेदरबेड फ्रेम नॉर्टनने १९५० मध्ये शर्यतीत उतरवली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही शर्यत तिच्यावर जिंकली. हॅरोल्ड डॅनियल या शर्यतपटूला ती चालवताना पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटले, म्हणून हे नाव पडले. तिच्या दोन लांब नळ्या इंजिनाला वरून-खालून वळसा घालून हँडलच्या मानेपाशी एकमेकींना छेदतात, त्यामुळे वळणावर फ्रेम पिळवटत नाही.

ट्रायम्फचे नेमके उलटे होते. एडवर्ड टर्नरने आखलेल्या स्पीड ट्विन या मॉडेलपासून वाढत ६५० सीसीपर्यंत पोहोचलेले इंजिन हलके आणि चपळ होते, १९५९ च्या बॉनेव्हिल मॉडेलला तर दोन कार्ब्युरेटर मिळाले. फ्रेम मात्र भर वेगात डुलत असे. डॉमिनेटर वाईट नव्हती, पण ट्रायम्फच्या इंजिनाचा वेग वाढवण्याचे सामान सहज मिळत असे.

फ्रेम सुट्या मिळण्यामागेही एक गंमत आहे. ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री या शर्यतीच्या मोटारींना नॉर्टनच्या मँक्स या फेदरबेड फ्रेमच्या शर्यती मोटरसायकलचे इंजिन हवे असे आणि कंपनी ते एकटे विकत नसे. मोटारवाले अख्खी मोटरसायकल घेऊन तिचे इंजिन काढत, आणि उरलेली उत्तम फ्रेम दुसऱ्या कोणाच्या तरी हाती लागे.

प्रतिसाद २

वरील माहितीत एक तांत्रिक मुद्दा जोडतो. १९६३ च्या मॉडेलपर्यंत ट्रायम्फच्या ६५० सीसी इंजिनाचा गिअरबॉक्स वेगळा असे, म्हणून फ्रेमसोबत आलेला नॉर्टनचा गिअरबॉक्स तसाच ठेवून पुढे ट्रायम्फचे इंजिन बसवता येई. दोघांना धरून ठेवतात त्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या.

असे एक इंजिन बसवताना मी आधी पुठ्ठ्याचा साचा कापून पट्ट्यांची भोके आखली होती. सारे चोख दिसत होते, पण इंजिनाचे आणि क्लचचे चक्र एका रेषेत आहे की नाही, हे मी पट्टी लावून तपासलेच नाही. जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक राहिला आणि साखळीने चक्राच्या दातांची एकच बाजू खाऊन टाकली. चूक सर्वस्वी माझी होती, पण त्या काळच्या पोरांनी परसातल्या शेडमध्ये हे काम कसे निभावले असेल, याची कल्पना तेव्हा आली.

प्रतिसाद ३

आता रुबाबाविषयी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचे एस कॅफे १९३८ मध्ये मुळात ट्रकचालकांसाठी सुरू झाले, युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाले आणि १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले. ते रात्रभर उघडे असल्याने मोटरसायकलवाली पोरे तिथे जमू लागली. १९५८ मध्ये हप्त्याने खरेदी करण्यावरची बंधने उठली, तेव्हा कामाला लागलेल्या तरुणाला चांगली गाडी परवडू लागली. शिवाय वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर डिसेंबर १९६५ पर्यंत वेगमर्यादाच नव्हती, त्यामुळे ताशी शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा, आकडा गाठणे तिथे गुन्हा ठरत नसे. या आकड्याला ते 'टन' म्हणत. खाली बसवलेले आखूड हँडल आणि मागे सरकवलेले फूटरेस्ट त्यासाठीच होते. चालक टाकीवर ओणवा झाला की वारा कमी अडतो.

ज्यूकबॉक्सवर, म्हणजे कॅफेतल्या नाणे टाकून गाणे वाजवायच्या यंत्रावर, गाणे लावून ते संपण्याआधी फेरी मारून परतण्याचा किस्सा मात्र मी जपूनच घेतो. त्या काळची तबकडी तीनेक मिनिटांत संपे. त्यात किक मारून निघणे आणि परतून गाडी स्टँडला लावणे हे सारे बसवायचे, तर रस्ता फारच छोटा हवा. एखाद्याने ते केलेही असेल, पण रोजचा रिवाज म्हणून ते सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याने आपल्या पदरचे थोडे घातले असावे, असे मला वाटते.