कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पर्सनल वापर बंद, हमीपत्र मागतायत. सही करू का?

ऑफिसकोपरा:
नमस्कार मंडळी, मी शासकीय कॉलेजात ज्युनिअर क्लार्क आहे, स्कॉलरशिपचं टेबल माझ्याकडे. परवा परिपत्रक फिरलं की इंटरनेट फक्त कार्यालयीन कामासाठी, वापराची नोंद ठेवली जाईल, सगळ्यांनी हमीपत्र द्यावं. बाकी ठीक आहे हो, पण शेवटची ओळ आहे, माझ्या लॉगिनवरून झालेल्या प्रत्येक कामाला मी व्यक्तिशः जबाबदार राहीन. आता माझं लॉगिन म्हणजे काय, तर सेक्शनमध्ये तीन कॉम्प्युटर, विंडोजचा पासवर्ड सगळ्यांचा एकच, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणीही येऊन बसतं, सर, मॅडम, कधी एनसीसीची पोरंपण प्रिंट काढायला. शिवाय मी लाइट बिल तिथूनच भरते, बँकेतलं पण दिसतं का त्यांना?

लॅबवाला:
बँकेचं एवढं टेन्शन नको. साइट एचटीटीपीएस (म्हणजे येणंजाणं कुलूपबंद) असली की फायरवॉलला, म्हणजे कॉलेजचं नेट ज्यातून गाळून येतं त्याला, कोणती साइट, किती वाजता, किती डेटा एवढंच कळतं, आतलं पान किंवा पासवर्ड नाही. फक्त आयटीवाल्याने तुमच्या मशीनवर कॉलेजचं सर्टिफिकेट टाकून एसएसएल इन्स्पेक्शन चालू केलं असेल तर आतलंही उघडून बघता येतं, म्हणून बिल आपलं मोबाइलवरच भरा. आणि नोंद ठेवणं हा काही प्राचार्यांचा खवचटपणा नाही, सर्ट-इनने (केंद्राची सायबर सुरक्षा बघणारी संस्था) एप्रिल 2022 मध्येच सांगितलंय की सरकारी संस्थांनीपण लॉग 180 दिवस ठेवायचे. ते वाचायला वेळ कोणाला असतो हा भाग वेगळा 😄
खरी फजिती क्रोम करतं. आमच्या एका सरांनी लॅबमधल्या मशीनवर स्वतःचं जीमेल टाकून सिंक चालू ठेवलेलं, घरच्या मोबाइलवर शोधलेलंसुद्धा इकडे येतं हे गावीच नाही, आणि टीवायच्या वर्गासमोर प्रोजेक्टरवर नुसतं 'के' दाबलं तर खाली केस गळतीवर रामबाण उपाय!

चहाबिस्किट:
आमच्याकडे यूट्यूब ब्लॉक केलं होतं, तर स्वयमचे (सरकारी ऑनलाइन कोर्सचे) व्हिडिओ यूट्यूबवरूनच चालतात ना, तेच बंद पडले. ओरड झाली, परत उघडलं, मागोमाग आयपीएलपण आली.

रिटायर्ड_ओएस:
ताई, यूट्यूब आणि लाइट बिल सोडा, त्यावरून फार तर मेमो येईल. तुमचं दुखणं ती शेवटची ओळ आहे. महाडीबीटीला, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलला, क्लार्कचं लॉगिन वेगळं, प्राचार्यांचं वेगळं, ते मुद्दाम तसं केलंय, एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. पण शेवटच्या तारखेला काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघितलंय, साहेब मीटिंगमध्ये, फोनवर ओटीपी सांगतात, आणि दोन्ही लॉगिन एकाच खुर्चीत. उद्या एखाद्या बोगस अर्जाचे पैसे गेले तर कोणाचं बोट होतं हे तो लॉग सांगत नाही, तो फक्त कॉम्प्युटर सांगतो. आणि त्या कॉम्प्युटरसमोर तुम्ही बसता. दुसऱ्याचा पासवर्ड बेइमानीने वापरला तर आयटी कायद्याचं 66 सी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुम्ही बेइमानी केली नाही हे सिद्ध होईपर्यंत खातेनिहाय चौकशीत निम्मी नोकरी जाते.
सही नाकारू नका, उगाच डोळ्यावर याल. हमीपत्रासोबत अर्ज जोडा, की मला स्वतंत्र युजर आयडी मिळावा, तोवर अमुक मशीन सामाईक वापरात आहे याची नोंद घ्यावी.

ऑफिसकोपरा:
धन्यवाद सर, ओटीपीचं अगदी आमच्याच ऑफिसात बसून लिहिल्यासारखं वाटलं 🙏 पण अर्ज दिला तर साहेब म्हणणार हिला आमच्यावर संशय आहे.

रिटायर्ड_ओएस:
म्हणू देत. अर्जात साहेबांचं आणि ओटीपीचं नाव काढू नका, फक्त मशीन आणि पासवर्डबद्दल लिहा, मशीनचा डेडस्टॉक नंबर (सामानाच्या रजिस्टरमधला) टाका म्हणजे मोघम राहत नाही. आणि तोंडी "बघू" वर परत येऊ नका, आवक नंबर टाकून पोच घ्या आणि ती घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.